आल्विनेचं बीळ

शनिवारी साडेतीन वाजले की एवाल्ट सोबोटा ट्राउडल लोमानच्या दाराची घंटी दोनदा वाजवायचा. दार उघडंच असतं हे त्याला अकरा वर्षं माहीत होतं, तरी वाजवायचा. त्याची बायको गेली, पुढच्याच वर्षी ट्राउडलचा नवरा गेला, आणि तेव्हापासून शनिवारची कॉफी ठरून गेली. दोघं जन्माचे शेजारी. मधलं कुंपण इतकं म्हातारं झालेलं की कोणाचा कोणाला टेकू आहे ते कळू नये. सुरुवातीला वसाहतीतल्या लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. सत्तरीच्या माणसांबद्दल बोलून बोलून बोलणार किती? लोक कंटाळले आणि गप्प बसले.

"तुझ्या केकमधले आलुबुखारे शोधायला दिवा घेऊन खाली उतरावं लागतं," एवाल्ट म्हणाला. तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, त्याचे विनोदही तिथलेच.

"मग उतर. आयतं कशाला पाहिजे?"

त्या शनिवारी त्यानं बगलेतून एक गुंडाळी काढली आणि कॉफीची भांडी बाजूला सारून टेबलावर पसरली. सायकलवाटेचा नकाशा. ट्राउडलनं दुधाचं भांडं उचलून मांडीवर घेतलं, कारण एवाल्टला नकाशा दाखवताना हात फार लागायचे.

ही सायकलवाट म्हणजे एवाल्टचं म्हातारपणीचं पोर. 'आनेलीझ' खाणीतून रुहर नदीपर्यंत कोळसा नेणारी रेल्वे होती. खाण बंद पडली, रूळ भंगारात गेले, आणि वीस वर्षं तिथं काटेरी झुडपांखेरीज काही नव्हतं. मग सरकारला जाग आली. जिथं आमच्या बापांनी धूर गिळला, तिथं शहरातले लोक आता शुद्ध हवा खायला येणार. खाणीतून काढलेल्या दगडांचा ढीग होता, त्याला 'डोंगर' म्हणायचं ठरलं. गंजलेल्या कोळसा-कोठीवर पाटी लागली की हात लावू नये. आमच्या बायकांनी जन्मभर त्याच गंजाचे डाग कपड्यांवरून घासून काढले, त्यांना हसावं का रडावं ते कळेना. पण एवाल्ट सायकलवाटेच्या संस्थेचा अध्यक्ष झाला होता, पाट्या स्वतः रंगवत होता आणि दहा वर्षांनी लहान दिसत होता. तेव्हा कुणी वाकडं बोललं नाही.

"रविवारी, म्हणजे उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या, उद्घाटन," तो म्हणाला. "पहिली बालवाडीची पोरं. सदतीस जण. तुझी लोटे आहेच त्यात." लोटे म्हणजे ट्राउडलची पणती, पाच वर्षांची. "आणि हे बघ. इथं रेल्वेच्या वळणावर चढ फार होता. आयांनी तक्रार केली, लहान चाकांना झेपत नाही. मग वाट अशी आत घेतली. तुझ्या बागेच्या मागून, हेझलच्या झुडपांमधून. झुडपं तोडली परवा. मंगळवारी डांबर."

त्याचं बोट नकाशावर जिथं थांबलं होतं तिथं ट्राउडलनं बघितलं. मग मांडीवरचं दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या ताटलीत न विचारता केकचा दुसरा तुकडा वाढला.

"काय गं? आवडलं नाही?"

"छान आहे की," ती म्हणाली.

त्या झुडपांखाली एक भोक होतं. ते तिच्या आईनं खणलं होतं. आणि त्या भोकापायी एवाल्टचा बाप तुरुंगात गेला होता. हे जगात आता एकट्या ट्राउडलला माहीत होतं.

*

सेहेचाळीस सालचा तो हिवाळा. लढाई संपून दीड वर्ष झालेलं, इंग्रजांचं लष्कर राज्य करत होतं, आणि थंडी अशी की बादलीतलं पाणी घरात गोठायचं. कोळशाच्या डोक्यावर बसलेली आमची माणसं थंडीनं कुडकुडत होती, कारण सगळा कोळसा मोजून बाहेर जायचा. ट्राउडलचा बाप रशियातून परत आला नव्हता, येणारही नव्हता. आई आल्विने, पदरी सात वर्षांची ट्राउडल आणि धाकटं दोन वर्षांचं. धाकटं पुढे कॅनडात गेलं आणि तिकडचंच झालं.

आमच्या भागात कोळशाचा थर टेकडीच्या उतारावर अगदी वर येतो. कुदळ मारली की काळं लागतं. वसाहतीतल्या चार-सहा घरांनी त्या हिवाळ्यात गुपचूप अशी बिळं पाडली. 'बीळ' हाच शब्द होता. पकडलं तर तुरुंग, म्हणून कुणी कुणाला विचारत नसे. आल्विनेनंही बागेमागं पाडलं. पण बाईमाणूस ती, खाणीचं काम ठाऊक नाही. दोन हात आत गेली आणि छत डोक्यावर आलं. तेव्हा शेजारचा विक्टर सोबोटा, एवाल्टचा बाप, आला. खाणीतला पहिल्या प्रतीचा कोळसा-तोड्या, हाताखाली सहा माणसं. त्यानं बघितलं, आईला एक सणसणीत शिवी हासडली आणि दुसऱ्या दिवशी लाकडं घेऊन आला. कुठं टेकू द्यायचा, छत पडायच्या आधी कसं करकरतं, कधी बोलतं, ते कसं ऐकायचं, सगळं शिकवलं. बीळ सात-आठ मीटर आत गेलं. एवढं अरुंद की शेवटच्या टोकाला ट्राउडलच जाऊ शकायची. ती पोटावर सरकत जायची, डबा भरायची, दोरीला हिसका द्यायची. विक्टरच्या श्रमाबद्दल आई त्याला आठवड्याला दोन पोती द्यायची.

फेब्रुवारीत घरझडती झाली. विक्टरच्या तळघरात चार पोती निघाली. खाणीतून मिळणाऱ्या वाट्यापेक्षा चार पोती जास्त. रेल्वेच्या डब्यांतून चोरली, असं झालं. कुठून आणली ते सांग, तर सोडतो, म्हणाले. विक्टर काही बोलला नाही. बोलला असता तर दोन पोरांच्या विधवेला आत टाकलं असतं. ट्राउडल खिडकीत उभी होती. आईनं तिचा दंड असा धरला की पाच बोटं आठवडाभर दिसत होती.

"तू काही बघितलं नाहीस," आई म्हणाली. "आपण काही बघितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. विक्टरला चार महिने झाले. सुटून आला तेव्हा खाणीनं त्याला खाली घेतलं नाही. वर, कोळसा-धुलाईच्या सरकत्या पट्ट्याशी उभं केलं. कोळशातून दगड वेचायचं काम. तिथं पोरं असत आणि हात-पाय गमावलेली माणसं. धडधाकट कोळसा-तोड्याला तिथं उभं करणं म्हणजे चारचौघांत धोतर फेडणं. तो तिथं सोळा वर्षं उभा राहिला आणि छप्पन्नव्या वर्षी मेला. आईनं बिळाचं तोंड एका जुन्या दारानं झाकलं, वर माती लोटली, हेझल लावली, आणि ट्राउडलला तिकडं पाऊल टाकायची बंदी केली. एक्क्याऐंशी साली आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा दंड धरला. बोटांत जोर नव्हता, पण अर्थ तोच होता.

आईपर्यंतचं आईच्या माथी मारता येतं. पुढची तीस वर्षं कुणाच्या माथी मारायची? ट्राउडलनं तो हिशेब कधी मांडला नाही. शनिवारी केक करत राहिली.

*

सोमवारी सकाळी तिनं खाण कचेरीत फोन लावला. जमीन कुठं खचेल, कुठं बसेल ते बघणारी ही कचेरी. फोनवर एक तरुण बाई होती, सेव्गी आक्ताश.

"सायकलवाटेखाली एक भोक आहे, असं ऐकलंय," ट्राउडल म्हणाली.

"कुणाकडून ऐकलंत?"

"लोकांकडून."

"आजी, या आठवड्यात मला आलेला हा एकेचाळिसावा फोन," सेव्गी म्हणाली. "एकाला चर्चखाली भुयार ऐकू येतंय, एकाला शेजाऱ्याच्या गॅरेजखाली. शेजाऱ्याशी भांडण आहे म्हणे. मी बोअरची गाडी लोकांच्या ऐकण्यावर पाठवू शकत नाही. कुणी खणलं, केव्हा, किती खोल, जागेवर उभं राहून दाखवेल असं कुणी आहे?"

ट्राउडलपुढं दोनच गोष्टी होत्या. एका बाजूला सदतीस पोरं, त्यात लोटे, लाल हेल्मेट घालून, जुन्या दारावर घातलेल्या डांबरावरून जाणार. दुसऱ्या बाजूला शनिवार, साडेतीन, दोनदा घंटी. एवाल्ट सोडला तर दिवसचे दिवस ती कुणाशी बोलत नसे. सांगितलं तर तो जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि तरीही तिनं अख्खं एक मिनिट विचार केला, याबद्दल तिला स्वतःचीच घृणा वाटली.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे. डांबर थांबवा."

"नाव?"

तिनं नाव सांगितलं.

"बुधवारी नऊला येते. आणि लोमानबाई, संस्थेच्या अध्यक्षांना मला बोलवावं लागेल. सोबोटा ना ते?"

"तोच," ट्राउडल म्हणाली.

*

बुधवारी एवाल्ट तावातावानं आला. सायकल कुंपणाला टेकवायची शुद्ध नव्हती, ती आडवी पडली तशीच राहिली.

"कुणी गाढवानं फोन केलाय म्हणे! चार दिवस राहिलेत, डांबरवाले परत पाठवले, आणि—" ट्राउडल तिथं उभी बघून तो थांबला. "तू काय करतेयस इथं?"

"ते गाढव मी आहे," ट्राउडल म्हणाली.

तोडलेल्या हेझलचे बुडखे पांढरेफटक दिसत होते. सेव्गी आक्ताश हातात कागद घेऊन उभी होती, पायांत खाणीतले बूट. ट्राउडल उतारावर मोजून नऊ पावलं चालली आणि काठी रोवली.

"इथं तोंड आहे. टेकडीत आत जातं, थोडं डावीकडं. आठ मीटर असेल. टोकाला उंची गुडघ्याएवढी. सेहेचाळीस साली माझ्या आईनं खणलं. आत मी जात होते." ती सेव्गीकडं बघून बोलत होती, कारण दुसरीकडं बघवत नव्हतं. "आईला खणता येत नव्हतं. टेकू विक्टर सोबोटानं लावले. त्याबद्दल आई त्याला पोती द्यायची. त्याच्या तळघरात सापडली ती पोती. रेल्वेची नव्हती ती. आमची होती."

सेव्गी लिहीत होती, ती थांबली. सोबोटा हे नाव तिनं अध्यक्षांच्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं.

"चार महिने," एवाल्ट म्हणाला.

"हो."

"आणि नंतर पट्टा. सोळा वर्षं."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो, एवाल्ट."

"मी तुझ्याकडं केक खात होतो," तो म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज अगदी साधा होता, जणू पावसाचं बोलतोय. त्यानं सायकल उचलली, पण तिच्यावर बसला नाही. हाताशी धरून चालत गेला. पंचाहत्तरीला आलेला माणूस, पाठ ताठ, आणि पाय मात्र कुठं टाकतोय ते त्याला दिसत नव्हतं.

"लोमानबाई," सेव्गी हळूच म्हणाली, "बसता का जरा?"

"बसून काय करू?" ट्राउडल म्हणाली. "तुम्ही तुमचं यंत्र आणा."

*

गुरुवारी बोअरची गाडी आली. ट्राउडल खिडकीतून बघत होती. दुपारपर्यंत चार ठिकाणी भोकं पाडून झाली. मग गाडी बाजूला घेतली आणि खोदाईचं मशीन पुढं आलं. काहीतरी गडबड आहे एवढं तिला कळलं. तीन वाजता सेव्गी स्वतः बोलवायला आली. तोंडावर धूळ आणि डोळ्यांत काहीतरी निराळंच.

"चला. तुम्ही बघायला पाहिजे."

जागा सांगितली तिथंच होती. जुन्या दाराचा भुगा झालेला, एक बिजागरी तेवढी शिल्लक. पण त्यापुढं बीळ नव्हतं. दगड होते. करडे, चपटे दगड, एकावर एक, सांधा चुकवून, खालपासून वर छतापर्यंत. मशीननं बाजूची माती ओढली होती, तिथून भिंत कापल्यासारखी दिसत होती.

"मातीनं भरलं असेल, कचरा टाकला असेल, असं वाटलं होतं," सेव्गी म्हणाली. "पण हे नुसतं टाकलेलं नाही. रचलंय. खाली कोळसा काढून झाला की पोकळी अशी दगडांनी बांधत येतात, म्हणजे वरची जमीन बसत नाही. आतल्या टोकापासून, अंग शिरत नाही तिथं पोटावर पडून हात लांबवून, सुरू करायचं आणि मागं मागं सरकत यायचं. माझे आजोबा तुर्कस्तानातून आले तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांनी हेच केलं. सगळ्यांना जमत नाही. सुट्टीत मला वाळूत खेळायला न्यायचे आणि हे शिकवायचे." तिनं एक दगड उचलून ट्राउडलच्या हातात दिला. "आणि हे बघा. हा दगड इथला नाही. हा सहाशे मीटर खालचा. आनेलीझमधला, धुऊन वेचलेला. पट्ट्यावरचा."

दगडावर नेच्याच्या पानाचा ठसा होता, स्वच्छ, शीर न् शीर दिसत होती. ट्राउडलनं तो दोन्ही हातांत धरला. जड होता. असे किती असतील? आठ मीटर बीळ, आणि पट्ट्यावरून घरी जाताना माणूस आणून आणून किती आणणार?

"वर्षं लागली असतील," सेव्गी म्हणाली. "दोन, तीन. कोणीतरी एकट्यानं केलंय, एकाच हाताची रचना आहे. वाट पक्की आहे, लोमानबाई. इतकी पक्की की वरून रणगाडा न्या. शनिवारी डांबर घालू देते मी."

म्हणजे तिनं सांगायची गरजच नव्हती. पोरं सुखरूप गेली असती. शनिवार राहिला असता. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला तसा तिनं त्याला बाहेर हाकललं. आईला माहीत असणार, हा दुसरा विचार आला. बागेमागं दोन वर्षं माणूस दार उचलून दगड रचतोय, परत माती लोटतोय, आणि आल्विनेला कळत नाही? जिच्यापायी तुरुंगात गेला, तिच्याच पोरांच्या पायाखालची जमीन पक्की करत होता तो, आणि आई खिडकीचे पडदे ओढून बसली होती.

"अगं मेले," ट्राउडल म्हणाली. आईला ती पहिल्यांदाच असं काही म्हणाली.

*

एवाल्टच्या दाराची घंटी तिनं एकदाच वाजवली. त्यानं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. तिनं दगड पुढं केला आणि सेव्गीनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत होता. दगड हातात घेतल्यावर अंगठा आपोआप कडेवरून फिरला. खाणीतल्या माणसाला वाचायला लागत नाही.

"संध्याकाळी हातगाडी घेऊन जायचा," तो शेवटी म्हणाला. "आई म्हणायची, सशांना पाला आणायला गेलाय. गाडी परत यायची रिकामी. ससे उपाशी. मला वाटायचं गुत्त्यावर बसतोय. मी तसं सांगायचो पण सगळ्यांना, की आमचा बाप नुसता चोर नाही, दारुड्यापण आहे. मीच सांगायचो. म्हणजे दुसऱ्यांनी म्हणायच्या आधी."

"एवाल्ट—"

"थांब. तुझं ऐकलं मी काल, आता माझं ऐक. त्रेपन्न साली संत बार्बाराच्या, आपल्या खाणवाल्यांच्या संताच्या, मिरवणुकीत मी पहिल्यांदा खाणीचा काळा कोट घातला. पंधरा वर्षांचा. टोपीला तुरा. बापाला मिरवणुकीत घेत नव्हते, तो लोकांत उभा होता, चर्चच्या कोपऱ्यावर. नवी टोपी घालून आला होता मला बघायला. मी त्याच्यासमोरून गेलो. असा, हाताच्या अंतरावरून. आणि बघितलं नाही. त्यानं हाक मारली, 'एवाल्ट!' मी सरळ पुढं बघितलं." त्यानं दगड उंबऱ्यावर ठेवला, जपून, पान वर करून. "मेला तेव्हासुद्धा मी त्याच्याशी धड बोलत नव्हतो. तू एक शब्द बोलली असतीस ना ट्राउडल, फक्त मला, कानात, तरी चाललं असतं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे म्हणे!" तो पहिल्यांदाच ओरडला. समोरच्या घराचा पडदा हलला. "बैल गेला आणि झोपा केला. आता काय करू मी त्याचं? थडग्यावर जाऊन माफी मागू? मागेन. पण ते माझं झालं. तुझं काय?"

"सांग काय करू ते. म्हणशील ते करते."

त्याला ते बहुधा आधीच सुचलेलं होतं, कारण त्यानं विचार केला नाही.

"रविवारी माइक असणार आहे," तो म्हणाला. "अध्यक्षाचं भाषण आहे पाच मिनिटं. ते तू कर. त्याची अब्रू चारचौघांत गेली होती, चारचौघांत परत कर. आणि शनिवारी मी येणार नाही. वाट बघू नकोस."

*

रविवारी ऊन पडलं. लोक चारशेच्या वर होते. शहरातून आलेली जोडपी, सायकलींना मागं बाळांच्या गाड्या जोडलेल्या, एकाच्या टोपलीत कुत्रं. सॉसेजचा ठेला लागला होता, बटाट्याची धिरडीही होती, आणि दोन्हींकडं रांगा होत्या. बालवाडीची पोरं पांढऱ्या रेघेमागं उभी, सदतीस हेल्मेटं, एक पाय जमिनीवर आणि एक पॅडलवर. लोटेनं पणजीला बघून घंटी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली आणि बाईंनी त्यांना दटावलं.

नगराध्यक्षीणबाई हवा, आरोग्य आणि भविष्य यांवर बोलल्या. मग म्हणाल्या, "आता संस्थेच्या वतीनं... लोमानबाई."

ट्राउडलनं समोर बघितलं. आयुष्यभर तिला ज्या तोंडांची भीती वाटत होती, ज्यांच्यापायी आईनं दंड आवळला होता, ती तोंडं ती शोधत होती. त्यातलं एकही तिथं नव्हतं. झडती घेणारे गेले, चोर म्हणणारे गेले, पट्ट्यावर हसणारे गेले, सगळे दफनभूमीत ओळीनं झोपलेत. समोर होते ते 'कोण विक्टर सोबोटा?' असं विचारणारे. चार पोती कोळशासाठी कुणी तुरुंगात जातं, हे त्यांच्या पोरांना परीकथेतलं वाटलं असतं. सगळ्या गर्दीत सत्तेचाळीस साल माहीत असलेला एकच माणूस होता. तो रेघेच्या टोकाला फीत धरून उभा होता आणि तिच्याकडं बघत नव्हता.

तिनं सांगितलं. बीळ, टेकू, पोती. तुरुंग, पट्टा. दगड. लांबण लावली नाही, रडली नाही, आईचं नाव घेतलं. शेवटी म्हणाली, "विक्टर सोबोटानं कोळसा चोरला नव्हता. माझ्या आईला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आम्ही सांगितलं नाही."

कुत्रं भुंकलं. मग नगराध्यक्षीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. मागं कुणीतरी बायकोला विचारलं, "काय म्हणाली?" बायको म्हणाली, "काहीतरी जुनं."

"पुन्हा सांग," एवाल्ट म्हणाला.

तो माइकपासून दहा पावलांवर होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मागं ऐकू आलं नाही. शेवटचं वाक्य. मोठ्यांदा."

"विक्टर सोबोटानं कोळसा चोरला नव्हता," ट्राउडल म्हणाली. भोंग्यातून आवाज खाणीच्या जुन्या कोठीवर जाऊन आपटला आणि परत आला.

"अजून."

"विक्टर सोबोटानं," तिचा आवाज चिरकला, "कोळसा चोरला नव्हता!"

पोरांना वाटलं, हे आपल्यासाठी आहे. बालवाडीत त्यांना असंच शिकवतात, बाई एकदा म्हणतात, मग सगळ्यांनी म्हणायचं. पहिली लोटे ओरडली. तिला नाव नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा सदतीसच्या सदतीस ओरडली, घसा ताणून, घंट्या वाजवत, "विक्टर सोबोटानं कोळसा चोरला नव्हता!" बाईंनी हात वर केले, पण आता ती कुठली थांबतात. फीत अजून एवाल्टच्या हातात होती. त्यानं ती कापली नाही, नुसती सोडून दिली, आणि पोरं सुटली. नव्या डांबरावरून, उतारावरून, हेझलच्या बुडख्यांमधून आणि त्या रचलेल्या दगडांवरून, तेच एक वाक्य ओरडत. मागून आया-बाप निघाले, त्यांतले काही पोरांना साथ म्हणून तेच ओरडत होते आणि हसत होते.

एवाल्ट त्या दिवशी ट्राउडलशी एक शब्द बोलला नाही. पोरं वळणाआड गेली, लोक सॉसेजकडं परतले, तरी तो डोक्यावरची टोपी काढून तिथंच उभा होता. पोरं नदीकडं पोचेपर्यंत आवाज येत होता. तो पार बंद होईपर्यंत त्यानं ऐकला.